फोटोवरून उचललेली रेघ

गेली कित्येक वर्षं मी पोटासाठी गाई काढते आहे. धार नव्हे, चित्रं. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर मानावातू नदीच्या काठी वसलेलं पामर्स्टन नॉर्थ हे आमचं गाव दुधावर आणि विद्यार्थ्यांवर जगतं. १९२७ साली इथे दुग्धसंशोधन संस्था निघाली, त्याच सुमारास मॅसी शेतकी महाविद्यालय उभं राहिलं, तेच आजचं मॅसी विद्यापीठ. अशा गावात पुण्याच्या कमर्शियल आर्टिस्टला काय काम मिळणार? गवताच्या बियाण्यांची पाकिटं, विजेच्या कुंपणाची माहितीपत्रकं, जंताच्या औषधाची खोकी. त्या सगळ्यांवर गाय लागते.

आमच्या मंडळाच्या गणपतीत माझ्या कामाचं कौतुक होतं ते असं : “ताई, गाय अगदी हुबेहूब आलीये हो! पण... ट्रेस केलीत ना?” त्या ‘ना’मध्ये अर्धा आरोप असतो आणि अर्धा दिलासा, की चला, हे काही दैवी नाही, कुणालाही जमेल. मी “हो” म्हणते. समोरच्याचा चेहरा जरा पडतो. हो म्हणायला माझी काहीच हरकत नसते, कारण जाहिरात, मुखपृष्ठ, पाठ्यपुस्तक यांसाठी चित्रं काढणाऱ्यांचा धंदा दीडशे वर्षं फोटोच्या खांद्यावर हात ठेवून चाललेला आहे. फोटो ट्रेस केला का, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. फोटोतलं काय घेतलं आणि काय सोडलं, आणि फोटो कुणाचा होता, हे दोन प्रश्न कामाचे आहेत.

घाटापलीकडचा चित्रकार

धंदा फोटोवर चालतो याचा सगळ्यात जवळचा पुरावा आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. पूर्वेकडचा डोंगर ओलांडला की वुडव्हिल लागतं. नदीच्या घळीतून जाणारा जुना रस्ता २०१७ मध्ये दरड कोसळून कायमचा बंद झाला, आणि २०२५ च्या जूनमध्ये डोंगरावरून नवा महामार्ग सुरू झाला. त्या छोट्या वुडव्हिलमध्ये गॉटफ्रीड लिंडाउअर राहत होते, आणि तिथल्याच दफनभूमीत ते विसावले आहेत. त्यांच्या स्टुडिओची प्रतिकृतीही गावात उभारलेली आहे.

लिंडाउअर मूळचे बोहेमियातल्या पिल्झनचे. जन्म १८३९ चा. व्हिएन्नाच्या कला अकादमीत शिकले, १८७४ साली जहाजाने न्यूझीलंडला आले आणि इथल्या मूळ माओरी लोकांचे सरदार, त्यांच्या बायका, लढवय्ये, म्हातारेकोतारे यांची तैलचित्रं काढून पुढे देशभर नावाजले. १८८९ च्या सुमारास ते वुडव्हिलला स्थायिक झाले आणि १९२६ मध्ये तिथेच वारले. आज त्यांची चित्रं कलादालनांत मानाने टांगलेली असतात. पण त्यांचा रोजचा व्यवहार ऑर्डर घेऊन चित्र पुरवण्याचा होता. गिऱ्हाइकं दोन प्रकारची होती. एक, ऑकलंडचे तंबाखूचे व्यापारी हेन्री पार्ट्रिज यांच्यासारखे गोरे संग्राहक. पार्ट्रिज यांनी लिंडाउअरांकडून मोठा संग्रह करवून घेतला आणि १९१५ मध्ये तो ऑकलंडच्या कलादालनाला देऊन टाकला. अट एकच होती, लोकांनी बेल्जियमच्या युद्धपीडितांसाठी दहा हजार पौंड जमवावेत. लोकांनी ते जमवले. दुसरं गिऱ्हाईक खुद्द माओरी कुटुंबं. घरातल्या वडीलधाऱ्यांचं चित्र करून घ्यायचं, ते सभागृहात लावायचं आणि कुणी गेलं की अंत्यविधीच्या वेळी समोर ठेवायचं. त्यांना हवं होतं ते साम्य. आजोबा आजोबांसारखे दिसले पाहिजेत.

जो माणूस दूर राहतो किंवा हयातच नाही, त्याला समोर बसवणार कसं? लिंडाउअर फोटोवरून काम करत. नेपियरचे छायाचित्रकार सॅम्युएल कार्नेल यांच्याशी त्यांचा कामाचा संबंध होता. एपिडायस्कोप नावाच्या यंत्राने फोटोची प्रतिमा कॅनव्हासवर पाडायची आणि पेन्सिलीने बाह्यरेषा ओढून घ्यायची, ही त्यांची पद्धत असल्याचं त्यांच्या चित्रांचे अभ्यासक सांगतात. एपिडायस्कोप म्हणजे छापील चित्रावर प्रखर उजेड टाकून भिंग-आरशाच्या मदतीने ते भिंतीवर मोठं करून दाखवणारं खोकं. आपल्याकडे जुन्या शाळा-कॉलेजांत ते असायचं.

मग लिंडाउअरांच्या हातात उरलं काय? खूप काही. फोटो काळे-पांढरे होते. झग्याच्या किनारीचा तांबडा, पौनामू या दगडाचा हिरवा, केसांत खोवलेल्या हुइया पक्ष्याच्या पिसाची पांढरी टोकं, हे सगळं त्यांना जाणून रंगवावं लागलं. तो पक्षी खात्रीने शेवटचा दिसला १९०७ मध्ये, आमच्या घरातून दिसतात त्या तारारुआ डोंगरांत. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोको, चेहऱ्यावर कोरलेलं गोंदण. मोको हा नुसता शृंगार नसतो, त्यात माणसाचं कूळ आणि मान मांडलेला असतो. त्या काळचे ओल्या काचेवरचे फोटो मुख्यतः निळा प्रकाशच टिपायचे, त्यामुळे मोकोच्या निळसर रेषा फोटोत अनेकदा फिकट व्हायच्या, कधी जवळजवळ दिसेनाशा. छायाचित्रकार मग त्या वरून काढत. म्हणजे जो आधार पक्का मानून ट्रेस करायचा, त्यातूनच चेहऱ्यावरची सर्वांत मोलाची खूण गळालेली असायची. कॅमेऱ्याने वगळलेलं परत आणायला माहिती असलेला हात लागतो. माझ्या धंद्याची अर्धी शिकवण मला यात सापडते.

काचेचं टेबल ते टॅबलेट

आम्ही पुण्यात शिकलो तेव्हा प्रत्येक स्टुडिओत एक काचेचं टेबल असायचं आणि त्याच्या पोटात ट्यूबलाइट. फोटो खाली, ट्रेसिंग पेपर वर. बाह्यरेषा काढून झाली की कागद उलटा करून पाठीवर ४बी पेन्सिल घासायची, सुलटा करून बोर्डावर चिकटवायचा आणि कडक पेन्सिलीने तीच रेघ पुन्हा ओढायची, की खाली पुसट ठसा उतरे. मोठ्या आकारासाठी एपिडायस्कोप. तो नसला तर फोटोवर आणि बोर्डावर सारख्या संख्येच्या चौकटी आखून एकेक चौकट मोठी करत जायचं. मुंबईत सिनेमाचे वीस-वीस फूट उंच बॅनर याच चौकटींवर उभे राहिले. हातात नटाचा वहीएवढा फोटो आणि समोर बांबूच्या परांचीवर चढवलेलं कापड.

आता मी टॅबलेटवर फोटो खालच्या लेयरला ठेवते, फिका करते आणि वरच्या लेयरवर रेघ ओढते. वेळ वाचतो, पण त्यानंतरचं काम बदललेलं नाही. बाह्यरेषा पुरी झाल्यावर मी फोटो बंद करते. ज्यांना ट्रेसिंग सोपं वाटतं त्यांनी हे एकदा करून पाहावं. फोटो दिसत असतो तोवर चित्र झकास वाटतं, कारण डोळा खालच्या छायाप्रकाशावर भागवून घेत असतो. फोटो काढून घेतला की कागदावर थरथरत्या, सारख्याच जाडीच्या, एकमेकींशी काही नातं नसलेल्या तारा उरतात. मापं कुठल्याही शिंप्याकडे असतात, पण कापड बेतणं एखाद्यालाच येतं. ट्रेसिंग म्हणजे ती मापं.

बेतायचं काय, ते गाईवर सांगते. इथल्या कुरणांत काळ्या-पांढऱ्या फ्रीजियन गाई असतात. फोटोत सर्वांत ठळक दिसते ती काळ्या ठिपक्याची कडा. ती जशीच्या तशी उचलली तर गाय न दिसता नकाशा दिसतो. ठिपक्याची कडा नाजूक हवी. पाठीचा कणा, कमरेचं हाड, मागच्या पायाचा सांधा इथे रेघेला वजन हवं, कारण शरीराचा भार तिथे आहे. सावलीच्या कडेला रेघ बहुधा नकोच. तीच गोष्ट माणसाच्या चेहऱ्याची. हसऱ्या बाईचा फोटो घ्या आणि प्रत्येक दाताभोवती रेघ ओढा; तिचं वय वीस वर्षांनी वाढेल. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येणारी घडी फोटोत मऊ सावली असते, रेघ झाली की सुरकुती होते. म्हणून जुने चित्रकार सांगत, दात एक पांढरा पट्टा म्हणून सोडा.

संगणकाचं आपोआप ट्रेसिंग नेमकं इथेच अडखळतं. अडोबी इलस्ट्रेटरमध्ये २००५ पासून फोटोच्या रेषा आपोआप काढून देण्याची सोय आहे. लोगोसारख्या सपाट आकाराला ती उत्तम. फोटोवर सोडली की ती उजेड-अंधाराची प्रत्येक सीमा तेवढ्याच निष्ठेने पाळते. कान कुठे संपला आणि कानाची सावली कुठे सुरू झाली, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं.

कॅमेरा काय बदलतो

फोटोत दिसते तशीच वस्तू असते, हा समज चित्रकाराला फार महागात पडतो. कॅमेरा एका डोळ्याने, एका जागेवरून बघतो. हात लांब करून स्वतःचा फोटो काढा. नाक मोठं आणि कान मागे सरकलेले दिसतील. यात भिंगाची चूक नसते, अंतर कमी असतं. नाक कॅमेऱ्याच्या जितकं जवळ, त्या मानाने कान खूप लांब, म्हणून हा फरक. दहा पावलं मागे जाऊन मोठ्या भिंगाने तोच चेहरा टिपला की नाक-कान आपापल्या मापात येतात, फार लांबून टिपला तर सपाट होतात. समोर बसलेल्या माणसाकडे बघताना आपला मेंदू हा फरक सावरून घेतो. कागदावरच्या रेघेला असं सावरून घेणारं कुणी नसतं.

गाय तर स्वभावाने चौकस. शेतात गेलात की ती तोंड पुढे करून कॅमेऱ्याजवळ येते. तो फोटो ट्रेस करा, डोकं भोपळ्याएवढं आणि मागचा भाग शेळीचा. शहरातल्या वाचकाला तो विनोदी वाटेल. पण इथला शेतकरी गाय विकत घेताना आधी कास बघतो, मग पाय, मग पाठ. त्याच्यापुढे असं चित्र ठेवलं की औषध कितीही चांगलं असो, तो मनात म्हणतो, ह्यांना गाय माहीत नाही. म्हणून मी फोटो लांबून काढते आणि एका चित्रासाठी चार-पाच वापरते : एकातून उभं राहण्याची ढब, दुसऱ्यातून डोकं, तिसऱ्यातून पाय. ते एका उजेडात आणि एका डोळ्याच्या उंचीवर बसवण्यात सगळा दिवस जातो. ट्रेसिंगला त्यातला तासभर.

लपवाछपवी

अमेरिकेत घरोघरी पोचलेले चित्रकार नॉर्मन रॉकवेल हेच करत. ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’साठी १९१६ ते १९६३ असं जवळपास अर्धशतक त्यांनी मुखपृष्ठं केली. १९३० च्या दशकापासून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना उभं करून, कपडे-सामान जमवून, छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेत आणि बॅलॉप्टिकॉन नावाच्या प्रोजेक्टरने कागदावर पाडत. एका फोटोतली भुवई, दुसऱ्यातला हात, अशी जुळणी. या यंत्राची आपल्याला लाज वाटते आणि कुणी आलं की आपण ते दडवतो, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. ज्यांच्याकडून देशभरचे चित्रकार शिकले, त्यांनाही लाज!

आपल्याकडेही वारसा हाच आहे. लिंडाउअरांचे समकालीन राजा रविवर्मा यांनीही व्यक्तिचित्रांसाठी फोटोंचा आधार घेतला. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापर्यंत पोचल्या. आणखी पुढे दिवाकर करकरे यांनी सिनेमाच्या पोस्टरमध्ये फोटोवरच जाड रंगाचे फटकारे ओढून ‘दीवार’च्या काळातला तो संतापलेला चेहरा घडवला. त्यात खाली फोटो आहे हे झाकलेलं नाही. तो फोटो आहे म्हणूनच नट ओळखू येतो, आणि फटकारे आहेत म्हणून त्याचा राग अंगावर येतो.

लाज मुळात येते कुठून? शाळेत ‘बघून काढ, छापू नकोस’ असं शिकवतात तिथून. शिकणाऱ्यासाठी ते योग्यच आहे. डोळ्याने अंतर मोजायची सवय नसेल तर फोटोतलं चुकीचं काय हे कळणारच नाही. ज्याला फोटोशिवाय गाय काढता येत नाही, त्याला फोटोवरूनही ती नीट काढता येत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना म्हणून मी आधी वही घेऊन शेताच्या फाटकाशी उभं करते. ट्रेसिंग नंतर.

फोटो कुणाचा?

आता दुसरा प्रश्न, जो गणपतीत कुणी विचारत नाही. इंटरनेटवर सापडलेला फोटो उचलला, ट्रेस केला, रंग बदलले, तर ते चित्र कुणाचं? धंद्यात एक अफवा फिरते की वीस-तीस टक्के बदल केला की झालं आपलं. असा टक्का कायद्यात नाही, न्यूझीलंडच्याही नाही आणि भारताच्याही नाही. मूळ कामाचा महत्त्वाचा भाग घेतला का, हे बघितलं जातं, आणि महत्त्वाचा म्हणजे आकाराने मोठाच असं नाही.

न्यूझीलंडमध्ये १९९४ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्यात दोन गोष्टी आमच्यासारख्यांना रोज लागतात. एक, पैसे देऊन करवून घेतलेला फोटो किंवा चित्र, वेगळा करार नसेल, तर करवून घेणाऱ्याच्या मालकीचं. म्हणजे लग्नाच्या फोटोची परवानगी बऱ्याचदा छायाचित्रकाराऐवजी नवरा-नवरीकडे मागावी लागते. भारतातही फोटोबाबत साधारण असाच नियम आहे. दोन, सार्वजनिक जागेत कायमची उभी असलेली इमारत किंवा पुतळा यांचं चित्र काढायला मोकळीक आहे. गावच्या मध्यावर, द स्क्वेअरमध्ये, हॉपवुड घड्याळाचा मनोरा आहे. तो मी बेलाशक काढू शकते. पण त्या मनोऱ्याचा दुसऱ्याने टिपलेला फोटो ट्रेस करणं वेगळं. मनोरा सगळ्यांचा, फोटो टिपणाऱ्याचा.

यातून केवढी प्रकरणं उभी राहतात! ओबामांचं २००८ चं लाल-निळं ‘होप’ पोस्टर शेपर्ड फेअरी यांनी असोसिएटेड प्रेसच्या मॅनी गार्सिया यांनी २००६ मध्ये काढलेल्या फोटोवरून केलं. वाद २०११ मध्ये तडजोडीने मिटला. पण आपण कोणता फोटो वापरला हे दडवण्यासाठी फेअरी यांनी पुरावे नष्ट केले होते, आणि २०१२ मध्ये त्यांना शिक्षा झाली ती त्या दडवण्यापायी. अँडी वॉरहोल यांची गोष्ट अशीच उद्बोधक. तेही आधी बुटांच्या जाहिराती काढणारे कमर्शियल आर्टिस्ट. १९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ने लिन गोल्डस्मिथ यांच्या, गायक प्रिन्सच्या १९८१ च्या फोटोवरून वॉरहोल यांच्याकडून चित्र करून घेतलं, आणि एका वापरासाठी गोल्डस्मिथना ४०० डॉलर दिले. वॉरहोलनी त्यावरून चित्रांची मालिकाच केली. २०१६ मध्ये त्यातलं दुसरं चित्र दहा हजार डॉलरच्या आसपास घेऊन मासिकासाठी छापायला दिलं गेलं, तेव्हा गोल्डस्मिथना ना पैसे मिळाले, ना नाव. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने कौल दिला. फोटो ज्या कामासाठी विकला जातो, त्याच कामासाठी चित्र विकलं, तर फोटोवाल्याला डावलता येत नाही, असा त्याचा साधा अर्थ.

पण सगळंच कायद्यात बसत नाही. लिंडाउअर १९२६ ला गेले, आणि मृत्यूनंतर पन्नास वर्षांच्या इथल्या हिशोबाने त्यांच्या चित्रांची मुदत १९७६ अखेर संपली. म्हणून त्यांचा सरदार मी चहाच्या टॉवेलवर छापावा का? कायदा अडवणार नाही. पण तो कुणाचा तरी पूर्वज आहे, आणि त्याच्या गालावरचा मोको त्या घराण्याचा आहे. लिंडाउअरांचं एक चित्र फार गाजलं. पाठीवर बाळ घेतलेली तरुण आई. टेम्स गावच्या फॉय बंधूंच्या फोटोवरून ते केलेलं. मागणी इतकी की त्यांनी ते पुन्हा पुन्हा काढलं. ‘आना रूपेने’ या नावाने ते ओळखलं गेलं. ती बाई हीनी हिरिनी होती, हे बऱ्याच काळानंतर स्पष्ट झालं. फोटोवरून चित्र, चित्रावरून आणखी चित्रं, असा प्रवास होता होता चेहरा घरोघरी पोचला आणि नाव वाटेत गळालं.

म्हणून माझ्या प्रत्येक बिलाबरोबर एक कागद जातो : कोणते फोटो वापरले, ते कुणी काढले, परवानगी कुणी दिली, त्यात कोण माणसं आहेत. गिऱ्हाइकांना सुरुवातीला हे नसतं लचांड वाटलं. आता ते स्वतःहून मागतात, कारण उद्या कुणी दारात उभं राहिलं तर दाखवायला काहीतरी असतं. मराठी दिवाळी अंकांच्या संपादकांकडे माझं तेवढंच मागणं आहे. मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव तुम्ही आवर्जून छापता. चित्र फोटोवरून केलं असेल, तर त्याच ओळीत फोटो काढणाऱ्याचं नाव छापा, आणि चेहरा एखाद्या साध्या माणसाचा असेल, तर त्याला विचारून त्याचंही. चित्रकाराचा मान त्याने उणा होत नाही. वाचकाला दोन्ही नावं दिसली, की चित्रकाराने स्वतःचं काय घातलं हे तो आपोआप शोधू लागेल.